बोट तुमची, पत्र पहिल्या मालकाला

मागच्या मे महिन्यात माझ्या मेहुण्याने सेकंडहँड बोट घेतली. १९ फुटी, पेट्रोलवर चालणारी, इंजिन बोटीच्या पोटात झाकणाखाली बसवलेलं. आम्ही राहतो मिशिगनमध्ये. इथे बर्फ वितळून तळी मोकळी झाली की शेजारीपाजारी गॅरेजमधून बोटी बाहेर काढतात, आणि ज्याच्याकडे बोट नाही त्याला उगीच कमीपणा वाटायला लागतो. मेहुणा सांगलीचा. कृष्णेच्या घाटावर लहानपण गेलेलं, त्यामुळे पाणी दिसलं की त्याचा पाय थांबत नाही.

बोटीबरोबर आधीच्या मालकाने कागदांची एक प्लास्टिकची पिशवी दिली होती. त्यात माहितीपुस्तिका, जुन्या पावत्या, एका तळ्याचा चुरगळलेला नकाशा, आणि घडीवर चहाचा डाग पडलेलं एक पत्र. मेहुणा म्हणाला, ‘‘दाजी, हे जरा वाचा. पेट्रोलच्या नळीबद्दल काहीतरी लिहिलंय.’’ पत्र बोट बनवणाऱ्या कंपनीचं, चार वर्षांपूर्वीचं. वर नाव भलत्याच माणसाचं होतं. ज्याच्याकडून आम्ही बोट घेतली त्याचंही नव्हे, त्याच्याही आधीच्या मालकाचं. मजकूर थोडक्यात असा: टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवरचा क्लॅम्प, म्हणजे नळी आवळून धरणारी कडी, सैल पडू शकतो, पेट्रोल गळू शकतं, आग लागू शकते, दुरुस्ती होईपर्यंत बोट वापरू नका, दुरुस्ती आम्ही फुकट करून देऊ.

दुरुस्ती झाली होती का? पिशवीत तशी एकही पावती नव्हती.

त्या पत्रामागे अमेरिकेतली एक अख्खी कायदेशीर यंत्रणा उभी आहे. इथल्या मराठी मंडळींत बोटी घेणारे बरेच झालेत, त्यातल्या बहुतेकांच्या सेकंडहँड. पण ही यंत्रणा नेमकी कशी चालते आणि कुठे तुटते, हे विचारलं तर दहातले नऊ जण खांदे उडवतात. महिनाभरापूर्वी मीही उडवले असते.

रिकॉल म्हणजे बोट उचलून नेणं नव्हे

रिकॉल या शब्दाने घोळ होतो. ‘परत बोलावणं’ म्हटलं की वाटतं, कंपनीची माणसं येतील आणि बोट घेऊन जातील. प्रत्यक्षात कायदा कंपनीवर दोन कामं टाकतो: धोका आहे हे मालकाला लेखी कळवणं आणि स्वतःच्या खर्चाने तो दूर करणं. सरकारी भाषेत याला ‘डिफेक्ट नोटिफिकेशन’ म्हणतात, म्हणजे दोषाची सूचना. हा शब्द रिकॉलपेक्षा प्रामाणिक आहे, कारण सगळा खेळ सूचनेचाच आहे.

मूळ कायदा १९७१ चा, फेडरल बोट सेफ्टी अ‍ॅक्ट. अंमलबजावणी कोस्ट गार्डकडे, म्हणजे तटरक्षक दलाकडे. कंपनीने कळवायचं कधी, तर दोन प्रसंगी. बोट सरकारने ठरवलेल्या सुरक्षेच्या मानकांत बसत नसेल तेव्हा. किंवा मानकांत बसूनही तिच्यात असा दोष असेल की लोकांना इजा होण्याचा मोठा धोका आहे. सीटचं कापड उन्हाने विटलं तर ती तुमची आणि डीलरची भांडणाची बाब. तीच सीट वेगात असताना बोल्टसकट उखडली आणि माणूस पाण्यात फेकला गेला, तर तो या कायद्याखालचा दोष. तक्रार करताना हा फरक लक्षात ठेवलेला बरा. ‘बोट भिकार आहे’ एवढंच लिहिलं तर हाती काही लागत नाही.

म्हणजे विकण्याआधी बोट कुणी तपासतच नाही?

नाही. मला सगळ्यात जास्त धक्का याचाच बसला. बोटीवर ‘कोस्ट गार्डच्या सुरक्षा मानकांनुसार’ अशा अर्थाची पट्टी दिसते. आपण समजतो, कुणीतरी गणवेशातल्या माणसाने येऊन ठोकून-वाजवून पाहिलं असेल. ती पट्टी कंपनीच लावते. आमची बोट नियमात बसते, असं कंपनीच जाहीर करते.

इन्कम टॅक्सचं रिटर्न आठवा. उत्पन्न किती, कर किती, हे आपणच लिहितो आणि खाली सही ठोकतो. खात्याची माणसं प्रत्येकाच्या घरी येत नाहीत. थोडी रिटर्न निवडून तपासतात, आणि लबाडी सापडली तर मग सोडत नाहीत. बोटींचं तसंच आहे. कोस्ट गार्डचे निरीक्षक कारखान्यांना भेटी देतात, बाजारातून काही बोटी विकत घेऊन त्यांची चाचणी करतात, उरलेला भार विश्वासावर. इथे नोंदणी झालेल्या बोटीच एक कोटीहून जास्त आहेत, आणि त्या बनवणाऱ्यांत मोठ्या कंपन्यांपासून एका शेडमध्ये फायबरग्लासचा साचा टाकून बसलेल्या दोन भावांपर्यंत सगळे येतात. एकेक बोट तपासायची म्हटली तर उन्हाळा संपून जाईल.

मानकं कसली? पेट्रोलची टाकी आणि नळ्या, विजेच्या तारा, इंजिनाच्या कप्प्यातली हवा, बोटीत किती वजन चढवायचं, पाणी भरलं तर ती कितपत तरंगायला हवी. लहान बोटींवर एक क्षमतेची पट्टी असते, एसटीत ‘बसलेले इतके, उभे इतके’ लिहितात तशी. तरंगण्याचा नियम आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकलेल्याला लगेच कळेल. पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधला की हातपाय चुकले तरी माणूस वर राहतो. लहान बोटींच्या पोटात फोम भरतात तो याच हिशेबाने. आउटबोर्ड मोटरच्या, म्हणजे मोटर मागे बाहेरून लटकवलेल्या छोट्या बोटींना तर पाण्याने भरल्यावरही आडवं, सपाट तरंगत राहावं लागतं, म्हणजे माणसांना धरायला काहीतरी उरतं.

पण खरी भीती पेट्रोलच्या वाफेची. स्वयंपाकघरात सिलिंडर गळत असेल तर आई काय सांगते? दिव्याचं बटण दाबू नकोस, आधी दारं-खिडक्या उघड. कारण तो गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. पेट्रोलची वाफही हवेपेक्षा जड असते. बोटीच्या तळाला पाणी साचायची जी सखल जागा असते, तिला बिल्ज म्हणतात, तिथे ही वाफ जाऊन बसते. घराला निदान खिडक्या तरी असतात. बोटीचा तळ म्हणजे वरून झाकण घातलेलं पातेलं. म्हणून इंजिन पोटात असलेल्या पेट्रोल बोटींत वाफ बाहेर फेकणारा पंखा असतो, आणि त्याच्या बटणापाशी इशारा लिहिलेला असतो: इंजिन चालू करण्याआधी निदान ४ मिनिटं पंखा चालवा, कप्प्यात वाफ आहे का बघा. आमच्या बोटीतला तो स्टिकर अर्धा सोलून गेला होता. चाराचा आकडा तेवढा शाबूत.

हे समजलं की नळीवरच्या पाच-दहा रुपयांच्या क्लॅम्पसाठी कंपनीला एवढी पत्रापत्री का करावी लागते, तेही समजतं.

कंपनीला ‘कळलं’ असं कधी मानायचं?

दोष कळल्यापासून ३० दिवसांत सूचना गेली पाहिजे, असा नियम आहे. मग कुठलीही हुशार कंपनी म्हणेल, ‘आम्हाला कळलंच नाही!’ नियम लिहिणाऱ्यांनी ही वाट आधीच बुजवली आहे. शहाण्यासुरत्या कारखानदाराने ज्या माहितीवरून दोष ओळखायला हवा होता, ती माहिती हातात आली त्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. हाउसिंग सोसायटीतल्या एकाच उभ्या रांगेतल्या तीन फ्लॅटवाल्यांनी ओल येतेय म्हणून सेक्रेटरीकडे अर्ज दिले, तर ‘पाइप फुटलाय हे मला माहीत नव्हतं’ असं त्याला म्हणता येत नाही. वॉरंटीत परत आलेले सुटे भाग, डीलरांचे फोन, एकाच जागची गळती पुन्हा पुन्हा, हे सगळं ‘कळणं’च.

पत्रात काय लिहायचं तेही ठरलेलं आहे: कुठली बोट किंवा इंजिन, दोष काय, त्यातून धोका कोणता, दुरुस्ती कशी होणार. पत्र साध्या फर्स्ट क्लास टपालाने किंवा सर्टिफाइड मेलने जातं, हे दुसरं आपल्या रजिस्टर पोस्टाच्या जातीचं. त्याच वेळी त्याची प्रत आणि अहवाल कोस्ट गार्डकडे. पुढे ६० दिवसांत आणखी एक अहवाल, काम कुठवर आलं याचा. बाहेरच्या देशातून बोटी आणून विकणाराही कायद्याच्या दृष्टीने उत्पादकच, त्यामुळे ‘बनवली तिकडे, आम्ही फक्त विकतो’ हे कारण चालत नाही.

स्वतःच्या पायावर धोंडा कोण मारून घेईल?

रास्त शंका. कंपनीने स्वतःचा दोष स्वतःच सांगावा, ही अपेक्षा भाबडी वाटते. पण गप्प बसणं इथे महाग पडतं. सरकारी दंड असतोच, पण कंपन्यांना खरी धास्ती कोर्टाची. दोष माहीत होता, लपवला आणि माणूस भाजला, हे ज्यूरीसमोर सिद्ध झालं की भरपाईचा आकडा कुठे जाईल सांगता येत नाही. त्यापुढे क्लॅम्प आणि टपालखर्च किस झाड की पत्ती.

शिवाय कंपनी गप्प राहिली तर कोस्ट गार्डला स्वतःहून हालचाल करता येते. तक्रारी, अपघातांचे अहवाल, चाचण्या यांतून दोष दिसला तर ते कंपनीला कळवतात, तिचं म्हणणं ऐकतात आणि पटलं नाही तर सूचना काढायला लावतात. फक्त त्यासाठी आधी त्यांच्यापर्यंत माहिती जायला हवी, आणि ती पाठवणारे तुम्ही-आम्हीच. कंपनीच बुडालेली असेल तर मात्र दुरुस्ती कुणाकडे मागायची हा प्रश्न उरतोच. बोटींच्या धंद्यात दुकानं बंद पडणं नवं नाही.

पत्र जातं कुठे?

इथे गाडं अडतं. कायदा सांगतो, सूचना पहिल्या खरेदीदाराला द्या. त्याच्यानंतरच्या मालकांनाही द्या, पण कंपनीला ते माहीत असतील तर. डीलरांना द्या. पहिल्या खरेदीदाराच्या बाबतीत कंपनीने नावा-पत्त्यांची यादी नीट ठेवली आणि यादीतल्या पत्त्यावर पत्र धाडलं, की तिचं कर्तव्य पार पडलं. पत्र उघडलं का, वाचलं का, बोट दुरुस्त झाली का, यासाठी कुणी मालकाच्या दारात उभं राहत नाही.

आता बोटीचं आयुष्य बघा. फायबरग्लासची बोट नीट ठेवली तर ३० वर्षंही चालते, आणि तेवढ्या काळात तिचे चार-पाच मालक सहज होतात. नाव बदलायला आपण राज्याच्या कार्यालयात जातो, पैसे भरतो, नवा कागद घेतो, आणि आता सगळ्या जगाला आपला पत्ता कळला अशी आपली समजूत होते. कंपनीला यातलं काहीच कळत नाही. तिच्या वहीत अजून पहिलाच गृहस्थ असतो, तो कदाचित फ्लोरिडाला जाऊन स्थायिक झालेला. आमच्या पिशवीतलं पत्र तीन हात फिरून आलं ते निव्वळ नशिबाने. मधल्या मालकाने पिशवी आवरताना ते कचऱ्यात टाकलं असतं तर?

कायद्याला मुदतही आहे. बोटीवर प्रमाणित केल्याची जी तारीख असते, तिच्यापासून १० वर्षांच्या आत कंपनीला दोष सापडला, तरच सूचना देणं बंधनकारक. पूर्वी ही मुदत ५ वर्षांचीच होती.

बारा अक्षरांची जन्मपत्रिका

ती तारीख बोटीवरच कोरलेली असते. आम्ही दोघं बोटीच्या मागे गुडघ्यांवर बसलो. बोटीची मागची उभी भिंत, तिला ट्रान्सम म्हणतात, तिच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात शेवाळाचा हिरवट थर होता. मेहुण्याने अंगठ्याने घासला, मग शर्टाची बाही ओली करून पुसला. खालून १२ अक्षर-आकड्यांची ओळ वर आली. हाच हल आयडेंटिफिकेशन नंबर, बोटीचा ओळख क्रमांक, इथले लोक नुसतं ‘हिन’ म्हणतात. गाडीच्या चासी नंबरचा हा पाण्यातला भाऊ.

वाचायला सोपा आहे. पहिली तीन अक्षरं कंपनीची खूण, पुढची पाच त्या बोटीचा अनुक्रमांक. राहिलेली चार म्हणजे जन्मवेळ. आमच्या बोटीवर शेवटी होतं ‘एफ ६ १७’. ए म्हणजे जानेवारी असं धरून मोजलं की एफ म्हणजे जून. ६ म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, आणि १७ म्हणजे मॉडेलचं वर्ष २०१७. मिळून बोट जून २०१६ मध्ये प्रमाणित झालेली. दहा वर्षांची मुदत जून २०२६ पर्यंत. क्रमांकाची दुसरी प्रत बोटीत आतल्या बाजूला, सहज न दिसणाऱ्या जागी असते, चोराने बाहेरची घासून टाकली तरी पत्ता लागावा म्हणून.

कोस्ट गार्डच्या नौकाविहार सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर कंपनीनुसार जुने रिकॉल शोधता येतात. एक मात्र ध्यानात ठेवा: बोट एका कंपनीची, इंजिन बहुधा दुसरीचं. इंजिन, आउटबोर्ड मोटर आणि फुगणारी लाइफ जॅकेटंसुद्धा या कायद्यात येतात, पण त्यांची पत्रं त्या त्या कंपनीकडून येतात. आणि ज्या ट्रेलरवर बोट ओढून नेता, तो रस्त्यावरचं वाहन म्हणून महामार्ग सुरक्षेच्या खात्याकडे. एका बोटीसाठी तीन दारं ठोठवायची. हा कारभार ज्याने आखला त्याने स्वतः कधी सेकंडहँड बोट घेतली नसावी.

अपघात तर माणसाच्या चुकीनेच होतात ना?

बहुतेक हो. कोस्ट गार्ड दरवर्षी आकडेवारी काढतं. २०२३ मध्ये मौजेच्या बोटींच्या अपघातांत ५६४ माणसं गेली. कारणांत चालकाचं दुर्लक्ष आणि अननुभव सगळ्यात वर, जीवघेण्या अपघातांत दारू पुढे. बुडालेल्यांतल्या बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला दीड हजारांवर माणसं जात आणि बोटी आजच्यापेक्षा कितीतरी कमी होत्या, हेही त्याच आकड्यांतलं.

तरी पहिल्या पाच कारणांत यंत्राचा बिघाड वर्षानुवर्षं टिकून आहे. आणि माणसाच्या चुकीवर माणसाच्या हातात काहीतरी असतं. सावध माणूस दारू टाळतो, जॅकेट घालतो, हवा बघून निघतो. झाकणाखाली सैल झालेला क्लॅम्प सावध माणसालाही दिसत नाही. तो फक्त बनवणाऱ्याला ठाऊक असतो.

आणखी एक गैरसमज: ‘अपघाताची नोंद केली म्हणजे दोषाची तक्रार झाली.’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपघाताचा अहवाल बोट चालवणाऱ्याने राज्याच्या यंत्रणेकडे द्यायचा असतो. कुणी २४ तासांत दगावलं, बेपत्ता झालं किंवा प्रथमोपचारापलीकडची इजा झाली तर ४८ तासांत. नुसतं २००० डॉलर किंवा त्याहून जास्तीचं नुकसान असेल तर १० दिवसांत. तो टाळला तर कायदा मोडतो. दोषाची तक्रार ऐच्छिक आहे, आणि तिच्यासाठी अपघात व्हायची वाट पाहावी लागत नाही. स्टिअरिंग अडकलं, पेट्रोलचा वास आला, तरी कोस्ट गार्डला कळवता येतं. क्रमांक, काय झालं, कुठे झालं, एक-दोन फोटो. तुमची एकट्याची तक्रार फायलीत पडून राहील कदाचित. पण त्याच क्लॅम्पबद्दल टेक्सासहून आणि मिनेसोटाहून दोन आल्या की तिघांची मिळून सोसायटीची ओल होते.

आणि आपल्याकडे?

डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, तेव्हा घरून फोन आला होता: ‘‘तिकडे असं झालं तर कुणाला विचारतात?’’ १५ जण गेले. नौदलाची बोट इंजिनाच्या चाचणीवर होती आणि इंजिनात बिघाड झाल्याने ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं. ती मौजेची बोट नव्हती, रिकॉलचं प्रकरणही नव्हतं, म्हणून इथल्या कायद्याशी त्याची तुलना ताणणार नाही. भारतात अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ चा भर जलयानाची पाहणी, नोंदणी आणि प्रमाणपत्रावर आहे. ‘परत बोलावण्या’ची कल्पना आपल्याकडे आली ती गाड्यांच्या वाटेने. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ती घातली गेली आणि एप्रिल २०२१ पासून तिचे नियम लागू झाले. धोकादायक माल बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला दिला आहे. मालवणला पर्यटकांसाठी स्पीडबोट घेणाऱ्याने मोटरचा क्रमांक आणि विकणाऱ्याचा पत्ता जपून ठेवला तर त्यात तोटा काही नाही.

मग आमच्या नळीचं काय झालं?

डीलरला फोन केला. त्याने आधी तो बारा अक्षरांचा क्रमांक विचारला, मग बराच वेळ कीबोर्डचा आवाज, मग म्हणाला, ‘‘ही बोट आमच्याकडे दुरुस्तीला आलेलीच दिसत नाही.’’ चार वर्षं आणि निदान दोन मालक त्या क्लॅम्पवर तळ्यात फिरून आले होते. ट्रेलरवर बोट नेली. मेकॅनिकने झाकण उघडून नळी हाताने हलवली, आमच्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही. नवी नळी, दोन नवे क्लॅम्प, बिल शून्य.

त्या रात्री मेहुण्याने जेवणाच्या टेबलावर कंपनीला पत्र लिहिलं. बारा अक्षरं, इंजिनाचा क्रमांक, ‘ही बोट आता माझ्याकडे आहे’, खाली घराचा पत्ता. एवढंच. दुसरं पत्र इंजिनवाल्या कंपनीला. पाकिटं चिकटवताना मला म्हणाला, ‘‘दाजी, बोट विकताना परत लिहायला लागेल ना?’’ मी म्हटलं, विकशील त्याला ही पिशवी दे, आणि वर एक कोरं पाकीटही दे.